ताई हो म्हणाल्या

२ नोव्हेंबर, रविवार

आज मुलांना सरळ सरळ फसवलं. आणि जमलंही!

कानांचा खेळ होता. तळ्याकाठी सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं. नवा आवाज आला की एक बोट उघडायचं. शेवटी कुणाची किती बोटं ते बघायचं. मीही त्यांच्याबरोबर डोळे मिटते, इतकी वर्षं मिटत आलेय. माझी बोटं नेहमी सगळ्यांपेक्षा जास्त. म्हणून तर निसर्ग केंद्रात मला ससाताई म्हणतात. (पहिल्या रविवारी प्रत्येक मूल एकेका प्राण्याचं नाव घेतं, मग वर्षभर तेच चालतं. माझं मात्र मुलांनीच ठेवलंय.)

आज डोळे उघडले तर माझी बोटं चार. मुलांची पाच. खेकड्याची – हा गटातला सगळ्यात आगाऊ – चक्क सहा! ‘ताई, ती बारीक शिट्टी धरली ना तुम्ही? मघापासून चाललीय.’ सगळ्यांच्या माना पाण्याकडे. कसली शिट्टी? बघते तर खंड्या. समोरच्या खुंटावर. चोच उघडतोय, मिटतोय. मुलं हसतायत. आणि मला काही म्हणता काही नाही. काचेपलीकडे बसल्यासारखा!

म्हणाले, ‘शाब्बास! मी मुद्दाम सोडला होता तो. बघत होते तुम्ही पकडता का.’

खेकडा खूश. मुंगी तेवढी माझ्याकडे टक लावून बघत होती. ही गटातली सगळ्यात लहान चणीची मुलगी. बोलते तेही ओठांतल्या ओठांत. तिला कळलं असेल का? छे, कसं कळणार. चोराच्या मनात चांदणं.

३ नोव्हेंबर

सर्दी असेल. कानांना दडे बसलेत. वाफ घेतली.

५ नोव्हेंबर, बुधवार

सर्दी नाही.

नवऱ्याला कणकण होती. काखेत तापमापी लावून मी शेजारी उभी. उभी म्हणजे उभीच. शेवटी तोच म्हणाला, ‘अगं, मघाशीच वाजली ती. झोप लागली का उभ्या उभ्या?’ त्याला पाणी आणायला पाठवलं – तापातल्या माणसाला! – आणि स्वतःला लावून बघितली. आकडा थांबला. लाल दिवा लागला. आवाज नाही. पुन्हा लावली, डोकं तिच्यापाशी वाकवून. नाही.

मग संध्याकाळी गच्चीत गेले. आमच्या मागच्या रिकाम्या जागेत रातकिडे असतात, बारा महिने. असायचे. कधीपासून ऐकले नाहीत ते आठवेना. नवऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘हल्ली रातकिडे गप्प आहेत, नाही?’

‘गप्प? डोकं उठवलंय त्यांनी!’

हसले. काय करणार?

माझं सगळं काम कानांवर चालतं. झाडात पक्षी दिसतो तो नंतर, आधी ऐकू येतो. मुलं आधी दिसत नाहीत, ऐकू येतात – कोण मागे राहिलं, कोण पाण्याशी गेलं, कोण रडवेलं झालंय. पाठ फिरवून चालत असले तरी मला गट कळतो. कळायचा.

घरात सांगायची सोय नाही. माझे सासरे, अण्णा, ठार बहिरे. त्यांचं यंत्र कानात नसतं, शर्टाच्या खिशात असतं. ‘त्यात नुसती खरखर,’ म्हणतात. ‘आणि तुमचं बोलणं!’ नवरा म्हणतो, अण्णांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं. त्याचा ठरलेला विनोद आहे – घरात एक बहिरा पुरे. आता दुसरीची भर!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

परवा रविवार. पाठांतर चाललंय – हसू येतं लिहिताना. कुठल्या झाडावर कोण असतं, कुठल्या वेळी कोण बोलतं, सगळं घोकून ठेवलंय. बाकी चोचींवर लक्ष ठेवायचं. मुलांच्या माना जिकडे वळतील तिकडे दुर्बीण न्यायची आणि आधी मीच नाव घ्यायचं. कॉपी करून पास होणारं कार्टं शाळेत असायचं ना वर्गात, ते मी.

बावीस-तेवीसला तंबूतलं शिबिर आहे. मुलं वर्षभर त्याचीच वाट बघतात. तोवर निभावलं पाहिजे. मॅडमना कळलं तर बाहेरचे गट काढून घेतील आणि मला आत बसवतील, तिकिटं फाडायला. मॅडम वाईट नाहीत. केंद्राच्या प्रमुख आहेत, चौदा मुलांची जबाबदारी त्यांच्या डोक्यावर. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. तेच तर भीतीचं आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

अक्षर बघ काय आलंय.

मुंगी हरवली होती. सापडली. आधी हे लिहिते – सापडली, ठीक आहे, घरी गेली.

सकाळी सगळं चांगलं चाललं होतं. मी दुर्बीण डोळ्यांची काढलीच नाही. फांद्यांवर, शेंड्यांवर, चोचींवर. दोन पक्षी मुलांच्या आधी ओळखले. मनात म्हटलं, जमतंय! मग निघताना डोकी मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. एक कमीच. ‘मुंगी कुठेय?’ कुणालाच माहीत नाही.

शिट्टी फुंकली. लांब शिट्टी म्हणजे असाल तिथून परत या. नाही आली. पाणगवत माणसाएवढं उंच, त्याच्या पलीकडे जुना बांध, बांधापलीकडे दलदल. आमचा दोरीवाला – मुलांना गाठी, चढणं-उतरणं शिकवतो तो – बांधावरून पळत सुटला. मी उरलेल्या मुलांना एका जागी बसवून त्यांच्यासमोर उभी. हसत! मुलं घाबरू नयेत म्हणून हसत होते. पाण्याकडे बघवत नव्हतं.

‘आहे! आहे!’ दोरीवाल्याची हाक आली. मुलांच्या हवाली खेकडा केला – नाही, खेकड्याच्या हवाली मुलं केली – आणि गेले.

कमरेपर्यंत चिखलात होती. दोन्ही हात वर. हातात पाणकोंबडी. कुणीतरी टाकून दिलेल्या मासे धरायच्या जाळ्यात पाय, पंख, मान, सगळं गुरफटलेलं. दोरीवाल्याने फळी टाकली, आडवा झाला, हात पुढे केला. तर ही म्हणते, ‘आधी हिला घ्या.’

आधी हिला घ्या! स्वतः खाली चाललीय!

त्याने पाणकोंबडी घेतली, मला दिली, मग तिला ओढून काढलं. चाकूने जाळं कापेपर्यंत मुंगी तिथून हलली नाही. पाणकोंबडी सुटली, धडपडत गवतात गेली. तेव्हा मुंगी हसली. मग तिला थंडी वाजायला लागली.

मॅडम धावत आल्या होत्या. टॉवेलात गुंडाळलं, गरम पाणी पाजलं आणि मग विचारलं, ‘विचारल्याशिवाय गटातून एक पाऊल हलायचं नाही. आपला पहिला नियम. माहीत आहे ना?’

मुंगी काहीतरी बोलली. मॅडम म्हणाल्या, ‘काय? जरा मोठ्याने.’

‘मी विचारलं होतं. ताई हो म्हणाल्या.’

सगळे माझ्याकडे वळले. मॅडम, दोरीवाला, मुलं.

मी म्हणाले, ‘मला तिने काही विचारलं नाही.’

१० नोव्हेंबर, सोमवार

मुलं असं करतात. कोंडीत सापडली की मोठ्या माणसावर ढकलतात. वाईट हेतू नसतो, भीती असते. किती मुलं बघितलीत मी.

मॅडमचा फोन आला. ‘तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचा शब्द आहे, संपलं. पण हे सोडून देता येणार नाही. उद्या दुसरं कुणी पाण्यात जाईल आणि म्हणेल ताई हो म्हणाल्या.’ मुंगीने पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर माफी मागायची. आणि तिला शिबिर नाही.

मी म्हणाले, शिबिराला येऊ द्या ना तिला. मॅडम म्हणाल्या, ‘तुमचा हाच स्वभाव. मऊ.’

११ नोव्हेंबर, मंगळवार

कुणीतरी माझी बाही ओढली होती.

दुर्बीण डोळ्यांना होती. डाव्या हाताची बाही. खाली, कोपराजवळ. हलकेच, दोनदा.

कुणीही असेल. मुलं सारखीच बाही ओढतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अण्णांनी पकडलं!

दुपारी त्यांना चहा दिला. काहीतरी बोलत होते, मी मान हलवत होते. मधेच थांबले. म्हणाले, ‘सूनबाई, तू ओठ बघायला लागलीस.’

‘काहीतरीच काय अण्णा.’

‘मला सांगू नकोस. वीस वर्षं मी लोकांचे ओठ बघतोय. बघणारा मला लांबून ओळखू येतो.’ मग आवाज खाली आणला – म्हणजे त्यांच्या मते खाली, शेजारच्या घरात ऐकू गेला असेल. ‘किती दिवस झाले?’

मला रडूच आलं. त्यांनी रडू दिलं. मग खिशातून ते यंत्र काढलं आणि माझ्यासमोर धरलं. ‘हे घे. मला तसंही नको असतं.’ दुसऱ्याचं यंत्र चालत नाही अण्णा, म्हटलं. म्हणाले, ‘हो का? मग ठेव परत.’ आणि खिशात टाकलं!

मग म्हणाले, ‘एक गोष्ट सांगतो. हं हं करू नकोस. मी फार केलं. ऐकू आलं नाही की हं हं म्हणायचं, समोरचा समाधानाने जातो. असंच एकदा शेजाऱ्याला हं हं म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी तो कुत्रं सोडून गेला. मी सांभाळायला हो म्हणालो होतो म्हणे! नऊ वर्षं होतं ते कुत्रं इथे.’

पोट धरून हसले ते. मीही हसले. मग हसू तसंच ओठावर राहिलं.

बाही ओढली गेली. दुर्बीण न काढता मी काहीतरी म्हणाले होते. ‘हं हं’ म्हणाले होते. कदाचित ‘हो हो, छान’. कदाचित ‘जा’.

ती खोटं बोलली नाही. तिने नियम पाळला. विचारून गेली पोरगी.

१४ नोव्हेंबर

उद्या मॅडमना सांगायचं. उद्या नक्की.

१५ नोव्हेंबर

मॅडम सुट्टीवर होत्या. फोन करता आला असता. केला नाही. असं फोनवर सांगायचं नसतं – असं मीच मला सांगितलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

लाज वाटते लिहायला.

सकाळी लवकर जाऊन मॅडमना गाठायचं ठरवलं होतं. पोचले तर मुलं आधीच गोल करून उभी. मॅडम मध्ये. मुंगी मध्ये. मला बघून मॅडम म्हणाल्या, ‘या ताई, तुमचीच वाट बघत होतो.’ तेव्हा बोलायचं होतं. तेव्हाच! जाऊन गोलात उभी राहिले.

मुंगीने ओठ हलवले. मॅडम म्हणाल्या, ‘सगळ्यांना ऐकू आलं पाहिजे.’

‘चुकले. पुन्हा करणार नाही.’

एवढंच म्हणाली. खोटं बोलले असं म्हणाली नाही. आणि बघत होती माझ्याकडे, जमिनीकडे नाही. रडतही नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

आणि मी काय म्हणाले? ‘असू दे बाळा.’

असू दे बाळा! मी माफ केलं तिला! उदार झाले!

नंतर वाटेत खेकडा गाणं रचत होता, खोटारडी मुंगी आणि काय काय. त्याच्यावर इतकी ओरडले की सगळा गट चिडीचूप. मुंगी सगळ्यात मागे चालत होती. एकटी. दर दहा पावलांवर वळून बघत होते, आहे ना, आहे ना. दिवसभर दुसरं काही बघितलंच नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं.

मॅडमच्या खोलीत गेले, दार लावलं, उभ्या उभ्या सांगून टाकलं. बसले असते तर बोलले नसते. खंड्या, तापमापी, रातकिडे, पाठांतर, सगळं. आणि बाही. म्हटलं, ‘तिने विचारलं असणार. मला ऐकू गेलं नसणार. मी हो म्हणाले असेन. ती खोटं बोललेली नाही.’

मॅडम बराच वेळ टेबलावरची पेन्सिल इकडची तिकडे करत होत्या. मग म्हणाल्या, ‘काल का नाही सांगितलंत?’

म्हटलं, ‘घाबरले.’

‘मी त्या मुलीला सगळ्यांसमोर उभं केलं, ताई. तुमच्या शब्दावर.’

वाटलं, आता संपलं. पण त्यांचा आवाज हळूहळू बदलला. त्यांच्या वडिलांचं असंच झालं होतं म्हणे, तेही लपवायचे. ‘माणूस घाबरतो, समजतं मला. पण मुलांच्या बाबतीत नाही चालणार.’ आधी तपासणी. तोपर्यंत एकटीने गट न्यायचा नाही, दोरीवाला बरोबर असेल. शिबिराला मुंगी येणार. मुलांना मी स्वतः सांगायचं. आणि तिच्या आईकडेही मीच जायचं.

कानाच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या बुधवारची मिळाली.

बाहेर आले. छातीवरचा दगड उतरला म्हणतात तसं काही झालं नाही. दगड हातात आला, एवढंच. पण हातातला दगड दिसतो तरी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मुंगीच्या घरी गेले होते. तिची आई यंत्रमागावर काम करते. कारखान्याच्या मागच्या बाजूला एका ओळीत खोल्या, त्यातली शेवटून दुसरी. मागांचा आवाज भिंतीतून येतो, ताटल्या मांडणीवर थरथरतात. आई नुकतीच दिवसपाळी संपवून आलेली, केसांत सुताचा पांढरा भुगा.

दारातच म्हणाली, ‘माझ्या पोरीला खोटं पाडलंत तुम्ही.’ मोठ्याने, एकदम कारखान्यातल्या आवाजात. ‘गरिबाची आहे म्हणून काय झालं? ती दुसरं काय पण करेल, खोटं नाही बोलणार.’

‘हो,’ म्हणाले. ‘तेच सांगायला आलेय.’

सांगितलं. कान, बाही, हं हं. ती माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होती. टक लावून. अण्णांचं वाक्य आठवलं – बघणारा ओळखू येतो. आणि तेवढ्यात मुंगी तिला काहीतरी म्हणाली. म्हणजे ओठ हलवले, आवाज नाहीच. जरासुद्धा नाही. आईने मान हलवली आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं.

‘माझे गेलेत की,’ आई म्हणाली. ‘आमच्या खात्यात सगळ्यांचेच. मागासमोर ओरडून काय उपयोग? आम्ही ओठांनीच बोलतो. ही पण माझ्याशी तशीच बोलते, लहानपणापासून. म्हणून तर हिला आवाज नाही. शाळेत पण बाई म्हणतात, तोंडातल्या तोंडात बोलते.’

खंड्याच्या दिवशी, माफीच्या दिवशी ती माझ्याकडे ‘बघत होती’ म्हणजे काय, ते मला आत्ता कळलं. तिच्या घरी बोलणं असं होतं. समोरच्याकडे बघून.

मी दोघींची माफी मागितली. कशी मागितली ते लिहीत नाही, नीट आली नाही. आईचा राग बघता बघता उतरला होता. उलट तीच माझी समजूत घालायला लागली! ‘कान गेले तर माणसाचा काय दोष? तुम्ही काय मुद्दाम केलंत का?’ मग मुंगीला म्हणाली, ‘ऐकलंस ना? ताईंना आपल्यासारखंच आहे. यापुढे समोर उभं राहून बोलायचं. मागून नाही.’

मुंगीने माझ्याकडे बघितलं. समोर आली. ओठ मोठ्ठे करून, सावकाश, आवाजाने विचारलं, ‘पा-ण-कों-ब-डी जगली का?’

‘जगली,’ म्हणाले. ‘काल पाण्यात दिसली. लंगडतेय थोडी.’

२१ नोव्हेंबर

उद्या शिबिर. दोरी, फळ्या, शिट्ट्या, औषधांचा डबा, सगळं दोनदा तपासलं. दोरीवाला म्हणतो, ‘ताई, बॅग फाटेल आता बघून बघून.’ मुलांना सांगायचं त्याचीच धाकधूक. हसली तर? घरी जाऊन सांगतील, बहिऱ्या बाईबरोबर पाठवता आम्हाला?

२३ नोव्हेंबर, रविवार

आत्ताच आले. अंगाला तळ्याचा वास येतोय, आंघोळीआधी लिहून टाकते.

काल तंबू ठोकून झाल्यावर सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं. मुंगी खरं बोलत होती. तिने विचारलं, मला ऐकू आलं नाही, मी न ऐकताच हो म्हणाले. आणि नंतर सांगायला घाबरले. खंड्याचंही सांगितलं. खेकडा म्हणाला, ‘म्हणजे तेव्हा तुम्ही थाप मारलीत!’ म्हटलं, मारली. मग तो उठला, मुंगीपाशी गेला, ‘सॉरी हां. ते गाणं वाईटच होतं तसंही,’ म्हणाला. मुंगीने मान डोलावली – म्हणजे गाणं वाईट होतं हे पटलं!

कुणी हसलं नाही. उलट मुलांना नवा खेळच मिळाला. खुणा ठरवल्या. बारीक शिट्टीचा पक्षी – चिमूट वर. मोठा आवाज – मूठ. धोका – दोन्ही हात डोक्यावर. प्रश्न विचारायचा असेल तर ताईंच्या समोर यायचं, हात लावायचा, ताईंनी दुर्बीण खाली घेतल्याशिवाय बोलायला सुरुवात करायची नाही. हा शेवटचा नियम मुंगीचा. ती शिकवत होती सगळ्यांना, ओठांनी कसं बोलायचं. ‘ओ’ म्हणताना ओठ किती उघडायचे, ‘प’ म्हणताना कसे मिटायचे. चौदा मुलं आवाज न करता गप्पा मारतायत! पक्षी इतके जवळ आले की काय सांगू. इतक्या वर्षांत एवढा शांत गट मी नेला नव्हता.

आज सकाळी जाळी काढली. गवतात, बांधाच्या कडेला, पाण्यात जिथे जिथे टाकलेली होती तिथे. दोरीवाल्याने सगळ्यांना कमरेला दोरी बांधून रांगेने उतरवलं. मुंगी पुढे, तिला जागा माहीत होत्या. जाळ्यांचा ढीग माझ्या छातीएवढा झाला. त्यात मासे मेलेले, खेकडे मेलेले. एक बगळ्याचा सांगाडा. मुलं वाकून वाकून बघत होती. मी त्यावर भाषण दिलं नाही. गरजच नव्हती.

डोकी मात्र सारखी मोजत होते. ती सवय आता जायची नाही. जाऊही नये.

निघताना मुंगीची आई न्यायला आली होती. लांबूनच ओठ हलवून मला म्हणाली – जेवलात का? आणि मला कळलं! मीही आवाजाशिवाय म्हणाले – हो.

घरी आल्यावर अण्णांना हे सांगितलं. म्हणाले, ‘आमच्या टोळीत आलीस.’

किती दिवसांनी आज शांत झोप लागेल. बुधवारी तपासणी. यंत्र लागेल, लागू दे. खिशात नाही ठेवणार, कानात घालेन.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले. मग डॉक्टर माझ्या पाठीमागे जाऊन हळू आवाजात शब्द पुटपुटत राहिले, मी ते परत म्हणायचे. सगळे म्हटले. एकही चुकला नाही.

म्हणाले, ‘अगदी वरचे बारीक आवाज गेलेत. पक्षी, किडे, ती तापमापी. वयानुसार जातात कुणाकुणाचे. माणसाचं बोलणं पूर्ण शाबूत आहे, हळू आवाजातलंसुद्धा. यंत्र नको.’ वर अभिनंदन केल्यासारखे हसले.

मी विचारलं – बाहेर, उघड्यावर, लहान मूल, ओठांतल्या ओठांत बोलणारं?

‘शेजारी उभं असेल तर यायला हवं ऐकू. लक्ष असेल तर.’

मॅडमना सांगितलं, कान. तिच्या आईला सांगितलं, कान. मुलांना सांगितलं, कान. सगळ्यांनी माफ केलं ते कानांना.

रविवारी मुंगी येईल. समोर उभी राहील, मी दुर्बीण खाली घेईपर्यंत थांबेल, आणि ओठ मोठ्ठे करून, सावकाश, एकेक अक्षर बोलेल – ताईंना ऐकू येत नाही म्हणून.